मदत हवी आहे: एनक्लेक्सच्या केस स्टडीचा सराव कसा घ्यावा?

खानापूरच्या तीन-चार मुलींचा एनक्लेक्स-आरएनचा, म्हणजे अमेरिकेत नर्स म्हणून काम करायला लागणाऱ्या परवाना परीक्षेचा, अभ्यास घेते. सगळ्या बीएस्सी नर्सिंग, दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता बेळगावात शिफ्ट ड्युटी. म्हणून क्लास रात्री, फोनवरच. फार्माकॉलॉजी पक्की आहे. घोडं अडतंय ते 2023 पासून आलेल्या नव्या पद्धतीच्या केस स्टडीत. हार्ट फेल्युअरचा पेशंट, धाप लागलीय, ऑक्सिजन सॅच्युरेशन 86 टक्के. काय झालंय ते बरोबर सांगतात, पण 'आधी काय करशील?' विचारलं की पेशंटला उठवून बसवायच्या आधीच 'डॉक्टरांना कळवीन'! (वॉर्डात सवयच तशी लागते, त्यांचा तरी काय दोष.) एबीसी (आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण) घोकून झालं, मराठीतून चर्चाही केली. परीक्षेत मागचा प्रश्न पुन्हा उघडता येत नाही. महागडा कोर्स परवडणार नाही. अलीकडे परीक्षा दिलेल्यांनी सांगा, प्राधान्यक्रम ठरवायची सवय नेमकी कशाने लागली?