ग्रीन कार्डचा अर्ज (४८५) अडकलेला असताना नोकरी बदलावी का? (ईबी-३, पीडी नोव्हेंबर २०१४)

ओसरी:
मंडळी, इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज स्वतःसाठी विचारते आहे. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी न्यू जर्सीत, एकाच कंपनीत अकरा वर्षं. पीडी, म्हणजे रांगेतली माझी तारीख, नोव्हेंबर २०१४. मूळ अर्ज ईबी-२ चा (नोकरीवरच्या ग्रीन कार्डचा वर्ग, ईबी-३ त्याच्या खालचा). ऑक्टोबर २०२० च्या व्हिसा बुलेटिनमध्ये (रांगेच्या तारखांचं सरकारी मासिक पत्रक) ईबी-३ ची फाइलिंगची तारीख एकदम १ जानेवारी २०१५ वर गेली, तेव्हा आम्हीही डाउनग्रेड करून, म्हणजे ईबी-३ मध्ये उतरून, ४८५ टाकलं. त्या महिन्यात एडिसनमध्ये मेडिकलची अपॉइंटमेंट मिळवणं म्हणजे लालबागच्या राजाची रांग होती! २०२२ च्या उन्हाळ्यात ईबी-२ डिसेंबर २०१४ पर्यंत आली. इंटरफाइलचं, म्हणजे ४८५ परत ईबी-२ ला जोडा असं, पत्र पाठवलं, पण त्याचं काय झालं ते देव जाणे. सप्टेंबरात त्या वर्षाचे ग्रीन कार्डचे नंबर संपले आणि ऑक्टोबरात तारीख थेट एप्रिल २०१२ वर जाऊन बसली. पेढे आणायचे राहिले ते राहिलेच.

आता येत्या महिन्यात ४८५ ला चार वर्षं होतील. ईएडी (कामाचा परवाना) पाच वर्षांचं आलंय, एच-१ (कंपनीमार्फतचा वर्क व्हिसा) पण सांभाळून ठेवलाय. नवरा २०२१ पासून ईएडीवरच काम करतो.

प्रश्न असा. दुसऱ्या कंपनीची ऑफर आहे, प्रॉडक्ट मॅनेजर म्हणून. पगार चांगला, काम मनासारखं. पण ते म्हणतात एच-१ ट्रान्सफर करणार नाही, ईएडीवर या. इथे एचआरशी सहज बोलताना खडा टाकून पाहिला, तर उत्तर आलं, "कोणी सोडून गेलं की आम्ही आय-१४० मागे घेतो, ती आमची पॉलिसी आहे." आय-१४० म्हणजे कंपनीने माझ्यासाठी केलेला अर्ज. पोटात गोळाच आला. नवरा म्हणतो, दहा वर्षं काढलीस, अजून दोन काढ. ही "अजून दोन" मी २०१६ पासून ऐकते आहे. काय करू?

भुईनळा:
खुशाल बदला. ४८५ टाकून १८० दिवस होऊन जमाना झाला. अशी नोकरी बदलू देणारा एसी-२१ कायदा त्यासाठीच आहे.

तिरकीट:
भुईनळा, "खुशाल" इतकं सोपं नाही हो.

ओसरीताई, आधी एक सांगा. आय-१४० कोणता मंजूर आहे? ईबी-२ चा जुना तर असणारच. २०२० मध्ये डाउनग्रेडसाठी जो ईबी-३ चा नवीन टाकला, तो मंजूर झालाय का? त्या वेळी कित्येकांचे दोन-दोन वर्षं नुसते पडून होते. तुमचं ४८५ त्याच्यावर उभं आहे. तो मंजूर असेल तर एचआरच्या धमकीला फार घाबरू नका. १७ जानेवारी २०१७ पासूनचा नियम असा आहे की आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस झाले, किंवा ४८५ टाकून १८० दिवस झाले, की कंपनीने नुसता मागे घेतला म्हणून तो रद्द होत नाही. पीडीही तुमचीच राहते. लबाडी किंवा मोठी चूक निघाली तर गोष्ट वेगळी. पण तो अजून लटकलेला असताना कंपनीने काढून घेतला तर मात्र प्रकरण अवघड आहे. तेव्हा ती पावती आधी शोधा, बाकीचं मग.

ओसरी:
शोधली. ईबी-३ चा मे २०२१ ला मंजूर झालाय. हुश्श.

तिरकीट:
मग निम्मी लढाई झाली. उरलेली निम्मी म्हणजे "सेम ऑर सिमिलर" (नवं काम जुन्यासारखंच हवं), आणि मला खरी काळजी तिथे वाटते. पर्ममध्ये (आय-१४० च्या आधीचं श्रम खात्याचं प्रमाणपत्र) तुमचं काम काय लिहिलंय? माझं मत विचाराल तर प्रॉडक्ट मॅनेजर हे या बाबतीत सगळ्यात निसरडं पद आहे. सॉफ्टवेअर डेव्हलपर बढती मिळून इंजिनिअरिंग मॅनेजर झाला तर सहसा अडचण येत नाही, इमिग्रेशन खात्याच्या २०१६ च्या मेमोमध्ये अशा बढतीचा विचार केलेलाच आहे. पण प्रॉडक्ट मॅनेजरला कामांच्या सरकारी यादीत स्वतःचा असा कोडच नाही. एखादी कंपनी त्याला १५-१२९९ मध्ये घालते, म्हणजे संगणकाची इतर कामं. दुसरी ११-३०२१ देते, संगणक विभागाचे व्यवस्थापक. आणि तिसरी सरळ ११-२०२१ टाकून मोकळी होते, म्हणजे मार्केटिंग मॅनेजर! तुमचं पर्म सिस्टिम्स अ‍ॅनालिस्टचं असेल आणि नव्या कंपनीने मार्केटिंगचा कोड टाकला, तर ऑफिसर भुवया उंचावणारच.

नुसता कोड बघून निर्णय होत नाही, रोजचं काम, लागणारं शिक्षण, पगार हे सगळं बघतात. तरी कोड जवळचा असला की बोलणं सोपं जातं.

ओसरी:
पर्मची प्रत माझ्याकडे नाही. कंपनीच्या वकिलांनी कधी दिलीच नाही, "ते कंपनीचं कागदपत्र आहे" म्हणतात. मेडिकलचा फॉर्म मात्र मीच भरायचा!

काकडआरती:
जुन्या मेलमध्ये शोधा. त्या काळी पर्म मंजूर झाल्यावर आय-१४० टाकायच्या आधी पर्मच्या ९०८९ फॉर्मवर तुमची सही लागायची. म्हणजे तो कधीतरी तुमच्याकडे सहीला आलाच असणार, बहुतेक स्कॅन करून. २०१५ च्या आसपास "सही करून आजच परत पाठवा" असा एखादा मेल बघा. त्यात एफ विभागात दुसऱ्या ओळीत सोक कोड (तोच, सरकारी यादीतला) असतो, आणि एच विभागात अकराव्या ओळीत कामाचं वर्णन. ते वर्णन तीन वेळा वाचा.

नाहीच सापडलं तर एफओआयए टाका, माहितीचा अधिकार. ऑनलाइन होतं. कंपनीला कळत नाही आणि वकिलाला विचारावं लागत नाही. वेळ लागतो, म्हणून आजच टाकून ठेवा.

(मी स्वतः हे धडे उशिरा शिकलो. माझं पर्म वाचल्यावर कळलं की कागदोपत्री मी सात वर्षं ओहायोत राहतो.)

चिंचबन:
ईएडीवर जाण्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. मी २०२२ मध्ये हेच केलं.

ईएडीवर काम सुरू केलं की एच-१ सुटला. त्याने काही आभाळ कोसळत नाही, ४८५ चालू आहे तोवर राहणं कायदेशीरच आहे. फक्त उद्या काही कारणाने ४८५ नाकारलं गेलं तर खाली जाळी नाही, आणि तुमच्या बाबतीत नवऱ्याचं ईएडीही त्याच दोरीला बांधलेलं आहे. पुन्हा एच-१ वर यायचं म्हटलं तर लॉटरी नाही, तुमचा नंबर एकदा लागून गेलाय आणि आय-१४० मंजूर आहे. पण कदाचित बाहेर जाऊन व्हिसाचं स्टँपिंग करून यावं लागेल, म्हणजे परत ते बीकेसीच्या कॉन्सुलेटचे स्लॉट.

दुसरं म्हणजे प्रवास. आत्ता तुम्ही एच-१ वर जाऊन येऊ शकता. ईएडीवर गेल्यावर एपी (बाहेर जाऊन परत यायचा परवाना) हातात असल्याशिवाय विमानात पाऊल ठेवायचं नाही. एपी नसताना बाहेर गेलात तर ४८५ सोडून दिलं असं धरतात. पूर्वी ईएडी आणि एपी एकाच कार्डावर यायचे, हल्ली एपी वेगळं येतं आणि उशिरा येतं. मागच्या वर्षी बाबांची अँजिओप्लास्टी ठरली तेव्हा माझं ईएडी आलेलं आणि एपी नाही. भावाला रोज फोन करण्यापलीकडे काही करता आलं नाही. नोकरी बदलल्याचा पश्चात्ताप नाही, पण हे कोणी आधी सांगितलं असतं तर एपी संपण्याआधी सहा महिने रिन्यूला टाकलं असतं.

तुमची एपी कधी संपते?

ओसरी:
बाप रे. मार्चमध्ये संपते. उद्याच टाकते. चिंचबन, बाबा आता कसे आहेत?

चिंचबन:
बरे आहेत, सकाळी पर्वतीला जातात. अर्धी चढून खाली येतात आणि घरी पूर्ण चढलो म्हणून सांगतात.

भुईनळा:
एपी हातात असेल तर एच-१ ची एवढी चिंता कशाला? स्टँपिंगसाठी बाहेर अडकून पडण्यापेक्षा बरं.

आणि "सप्लिमेंट जे" (नव्या नोकरीची माहिती देणारा फॉर्म) आत्ता पाठवू नका असं मी म्हणेन. आरएफई (खात्याकडून कागदांची मागणी) आली की द्या. उगाच फाइल कशाला हलवायची? ईबी-३ ची रांग मुंगीच्या पावलांनी सरकते, तुमची पाळी येईपर्यंत कदाचित तुम्ही आणखी एकदा नोकरी बदलाल.

तिरकीट:
इथे मी पूर्ण विरोधात. जुनी कंपनी आय-१४० मागे घेणार असं स्वतः सांगते आहे. ते पत्र फाइलला लागलं आणि नवीन नोकरीचा एकही कागद फाइलमध्ये नाही, तर काही ऑफिसर नोटीस पाठवतात. नोटीस न पाठवता नाकारल्याची उदाहरणंही ऐकली आहेत, मग फेरविचाराची मोशन आणि वकिलाचं बिल. सप्लिमेंट जे ला फी नाही. नव्या कंपनीची सही, कामाचं वर्णन, झालं. आधीच फाइलमध्ये असलेलं बरं. पुढे पुन्हा बदललीत तर पुन्हा पाठवा.

भुईनळा:
मागे घेणारच असतील तर ठीक, तुमचं म्हणणं पटलं. माझ्या कंपनीने काहीच केलं नव्हतं म्हणून मी निवांत होतो.

आळूचं फदफदं:
जरा मध्येच. माझं ४८५ नाही, पीडी २०१९, आय-१४० मंजूर होऊन तीन महिने झालेत. मीही बदलू का?

काकडआरती:
तुमचं गणित वेगळं. अजून तीन महिने दात-ओठ खाऊन थांबा, मंजुरीला १८० दिवस होऊ द्या. मग एच-१ च्या तीन वर्षांच्या मुदतवाढीचा हक्क तुमच्याकडे राहतो. पण नव्या कंपनीला पर्म आणि आय-१४० पहिल्यापासून करावं लागेल, आणि पर्मचा खर्च कायद्याने कंपनीचाच, तो तुमच्याकडून मागितला तर पळा. ऑफर लेटरमध्ये पर्म कधी सुरू करणार ते लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर दीड वर्ष घालवलेले दोन मित्र आहेत माझे.

चिंचबन:
ओसरीताई, एक राहिलं. ४८५ वर आत्ता वकील म्हणून कंपनीचेच वकील असतील. तुम्ही सोडल्यावर आरएफई त्यांच्या पत्त्यावर जाऊन पडेल. स्वतःचा वकील करा आणि त्याचा जी-२८ (वकीलपत्राचा फॉर्म) लगेच टाकायला सांगा. घर बदललंत तर दहा दिवसांच्या आत पत्ता कळवा.

ओसरी:
दहा दिवसांनी उगवते आहे.

काकडआरती, तुम्हाला साष्टांग! फेब्रुवारी २०१५ चा मेल सापडला, विषय "तातडीचे". कोड १५-११२१, कॉम्प्युटर सिस्टिम्स अ‍ॅनालिस्ट. वर्णनात "वापरकर्त्यांच्या गरजा समजून घेणे, त्याप्रमाणे सिस्टिमची मांडणी ठरवणे, डेव्हलपरशी समन्वय" असं आहे. वाचून हसू आलं, कारण नव्या ऑफरमधलं काम थोड्या चकचकीत शब्दांत हेच आहे.

स्वतःचा वकील गाठला. अर्ध्या तासाचे तीनशे डॉलर, पण पैसे वसूल. त्याने नव्या कंपनीच्या वकिलाला विचारायला लावलं की कोड कोणता टाकणार. पहिलं उत्तर आलं, ११-२०२१. तिरकीट, तुमची जीभ काळी आहे! मग हायरिंग मॅनेजरशी बोलले. तो पंजाबी, स्वतः याच रांगेतून आलेला, दोन मिनिटांत समजला. टीममध्ये किंमत ठरवणं, जाहिराती हे काही नाहीच, सगळं डेटा प्लॅटफॉर्मचं काम. त्याने वर्णन जसं आहे तसं सविस्तर लिहून दिलं, पद "टेक्निकल प्रॉडक्ट मॅनेजर" केलं आणि त्यांचा वकील १५-१२९९ ला तयार झाला. माझा वकील म्हणतो, शंभर टक्के कोणीच सांगणार नाही, पण हे तो बचाव करू शकेल असं आहे.

एच-१ साठी पुन्हा एकदा विचारलं. नाही म्हणाले. यावर घरात दोन दिवस धुमश्चक्री झाली. शेवटी नवरा म्हणाला, इथे ले-ऑफ झाला तरी एच-१ जाणारच आहे, मग निदान तुझ्या मनाने जाऊ दे. एपीचं रिन्यूअल टाकलंय. दिवाळीला घरी जायचा बेत होता, तो जानेवारीत ढकलला. आई दोन दिवस नीट बोलली नाही.

राजीनाम्याचं पत्र लिहून ठेवलंय, तारीख घालायची बाकी आहे. सप्लिमेंट जे वर त्यांची सही झालेली स्कॅन कॉपी मेलमध्ये आली, की घालते.