मदत हवी आहे: पुलाच्या ओल्या खांबाला कार्बन फायबर चिकटेल का?

सांगलीजवळच्या एका जुन्या पुलाच्या दुरुस्तीवर आहे. दोन चौकोनी खांबांना उभ्या भेगा, एकीत रुपयाचं नाणं सहज शिरतं. सैल काँक्रीट फोडलं, सळईचा गंज घासून झिंक प्रायमर मारला, मायक्रो काँक्रीट (बारीक खडीचं, सहज पसरणारं) भरलं, भेगांत इपॉक्सी (घट्ट होणारी चिकट राळ) भरली. कोपरे २५ मिमी त्रिज्येने गोल केलेत, नाहीतर खांबाला ताकद द्यायला गुंडाळायचं कार्बन फायबरचं कापड तिथेच फाटतं.

अडचण खालच्या मीटरभराची. ओल तपासायला संध्याकाळी प्लास्टिक चिकटवलं, तर सकाळी आत थेंब जमलेले. पावसाळा तोंडावर आहे, वाहतूक बंद ठेवता येत नाही. वरून भरलेल्या उसाच्या ट्रॉल्या जातात, त्यामुळे नुसतं झाकून मोकळं व्हायचं नाहीये. आयआरसी एसपी ४० (इंडियन रोड्स काँग्रेसची काँक्रीट पूल दुरुस्तीची मार्गदर्शिका) वाचलंय.

ओल्या पृष्ठभागावर चालणारा इपॉक्सी प्रायमर कुणी स्वतः वापरलाय का, पुढच्या पुरानंतर कापड टिकलं का? की तेवढ्या भागाला आरसीसी जॅकेटच (खांबाभोवती सळई-काँक्रीटचा नवा थर) करावं?