एजंट्स ऑफ शील्ड पुढे खरंच सुधारते का, की लोक उगाच चढवतात?

कूलरसमोर_जळगाव
मंडळी, मे महिन्यात जळगावात दुपारी घराबाहेर पडायची सोय नाही म्हणून एजंट्स ऑफ शील्ड लावलीये, ती मार्व्हलच्या गुप्तहेर संघटनेची सिरीयल. आठव्या एपिसोडवर आलोय अन् खरं सांगू का, जाम बोअर होऊन राह्यलं. थॉरच्या दुसऱ्या पिक्चरची मारामारी लंडनात झाली, आणि या एपिसोडच्या सुरुवातीला आपली टीम ग्रिनिचला जाऊन मलबा उचलतेय! म्हणजे हाणामारी पिक्चरवाल्यांनी करायची अन् झाडलोट यांनी. दर वेळी एक विचित्र वस्तू, एक विमानप्रवास, टीमचा बॉस कोलसनचा एक कोरडा जोक, झालं. अ‍ॅव्हेंजर्स पिक्चरमध्ये तो मेलेला, जिवंत कसा झाला ते सांगायचं नाव नाही, नुसतं ताहिती बेटावर बरा झालो, ताहिती ताहिती.

रूममेट म्हणतो थांब, पुढे लय भारी होते. ७ सीझन, १३६ एपिसोड आहेत भो, थांबायचं तरी कुठवर? स्पॉइलर न देता सांगा.

भुसावळ_औटर
थांब. सतराव्या एपिसोडपर्यंत थांब, त्यानंतर नाही आवडली तर खुशाल बंद कर.

कारण सांगतो. ही सिरीयल सप्टेंबर २०१३ ला सुरू झाली आणि कॅप्टन अमेरिकाचा विंटर सोल्जर अमेरिकेत लागला एप्रिल २०१४ मध्ये. त्या पिक्चरमध्ये शील्डचं जे काय होतं ते सिरीयलवाल्यांना ठाऊक होतं, पण पिक्चर लागेपर्यंत तोंडातून शब्द काढायची परवानगी नव्हती. म्हणजे मेल पुढे जाईपर्यंत आपली पॅसेंजर औटरला उभी, आत बसलेले लोक खिडकीतून थुंकतायत अन् गार्डला शिव्या देतायत, तसा हा पहिला सीझन. पिक्चर शुक्रवारी लागला, सतरावा एपिसोड पुढच्या मंगळवारी. आणि मग जी सुटली गाडी, ती सुटलीच.

तेव्हा आम्ही दर आठवड्याला एकेक बघायचो, काय हाल झाले असतील विचार कर. तुला तर सलग बघायला मिळतेय.

खापर_पुरणपोळी
भाऊ तुले सांगस, मी बी आठव्या एपिसोडले कदरी गयथू. मंग सतरावा पाह्या अन् रातभर झोपनू नही. तो वार्ड... जाऊ दे, नही सांगत.

कूलरसमोर_जळगाव
अरे नाव घेतलंस म्हणजे सांगितलंच की रे!

धुळे_पांझराकाठ
आता फुटलंच आहे तर बोलू दे. ज्याला नको त्याने पुढचा परिच्छेद सोडा.

सगळे सतरावा सतरावा करतात, पण मला विचाराल तर सुधारणा तिथे नाही झाली. धक्का काय, कोणीही देतं. सहाव्या एपिसोडमध्ये टीममधल्या शास्त्रज्ञ सिमन्सला परग्रहावरची लागण होते, विमानातल्या बाकीच्यांना वाचवायला ती स्वतः खाली उडी मारते आणि टीममधलाच एजंट वार्ड पॅराशूट घेऊन तिच्यामागे उडी टाकतो. आठवलं? तोच माणूस सीझनच्या शेवटाकडे तिला आणि तिच्या जोडीच्या शास्त्रज्ञ फिट्झला पेटीत कोंडून समुद्रात सोडतो. खाली ऑक्सिजन एकालाच पुरेल एवढा, फिट्झ तो तिला देतो. दुसरी कुठली सिरीयल असती तर पुढच्या सीझनला पोरगा ठणठणीत, जोक मारत फिरला असता. इथे त्याच्या मेंदूला इजा झालीये, साधे शब्द आठवत नाहीत, हात थरथरतो, अन् सिमन्स शेजारी उभी राहून त्याचं वाक्य पूर्ण करून देतेय. एपिसोडच्या शेवटी कळतं की ती तिथे नाहीच, तो एकटाच बोलतोय. मी तो सीन मागे घेऊन पुन्हा बघितला. मला विचाराल तर सिरीयल सुधारली ती तिथे. जे झालं ते झालं, पुसायचं नाही, हे त्यांनी ठरवलं. आणि म्हणून तो कंटाळवाणा सहावा एपिसोड पण मागाहून जड वाटायला लागतो.

तिसऱ्या सीझनचा पाचवा तर जवळजवळ पूर्ण एकट्या सिमन्सवर आहे, उजाड ग्रहावर, ना ऊन ना वस्ती. पहिल्या सीझनवाल्यांची असं काही करायची छाती झाली नसती. आणि चौथा सीझन म्हणजे कळस. तीन तुकडे केले, आधी घोस्ट रायडर, मग माणसासारखे रोबो, मग ती खोटी दुनिया. त्यात चॅनेलने वेळ रात्री दहाची केली होती, त्यामुळे जरा भयानक दाखवायची मुभा मिळाली असणार, हा आपला माझा अंदाज.

नंदुरबार_मिरची
चौथ्यापर्यंत मान्य. पुढचं नाही. पाचव्या सीझनचा शेवट त्यांनी सिरीयल इथे संपू शकते असं धरूनच लिहिला होता, एपिसोडचं नाव पण तेच, शेवट. निरोप झाला, डोळे पुसले, आता उठायचं की नाही? तर नाही. सहाव्यात कोलसनचंच तोंड घेऊन भलताच माणूस, सातव्यात कोलसनचा रोबो. माणसाला मरू पण देत नाहीत. सीझनला २२ चे १३ एपिसोड झाले म्हणजे पैसे पण आखडले असणार, अर्धा वेळ त्याच त्या विमानाच्या बोळात उभं राहून बोलतात.

तुम्ही याला सुधारणा म्हणता? हिशोब करा, पहिल्या सीझनच्या २२ मधले १६ एपिसोड सहन करायचे आणि शेवटचे दोन सीझन सोडून द्यायचे. आमच्यावेळी दूरदर्शनवर शक्तिमानमध्ये मधेच गीता बदलली तरी आम्ही काही न बोलता बघितलं, पण निदान गंगाधर तोच होता.

धुळे_पांझराकाठ
सहाव्याबद्दल भांडणार नाही, ढिला आहे. पण सातवा? १९३१ पासून सुरू होऊन ऐंशीच्या दशकापर्यंत काळात उड्या मारत येतात, नुसती मजा. अन् तो नववा एपिसोड, तोच तो वेळ फिरून फिरून येतो तो, सिमन्सचं काम करणाऱ्या एलिझाबेथ हेनस्ट्रिजनेच डायरेक्ट केलाय. त्यात टीमचा परग्रहावरचा दोस्त इनॉक जातो तेव्हा तू रडला नाहीस असं म्हणू नको.

नंदुरबार_मिरची
रडलो. म्हणून सीझन चांगला ठरत नाही.

अमळनेर_टपरी
तुम्ही दोघं चालू द्या. मी द फ्लॅश, ती वेगाने पळणाऱ्या सुपरहिरोची सिरीयल, पूर्ण बघितलीये, २०१४ ते २०२३, नऊ सीझन, त्यामुळे मला सहनशक्तीचं कोणी शिकवू नका. तिथे पहिलाच सीझन सगळ्यात भारी, वेल्सचं गुपित कसं धरून ठेवलंय राव. मग दुसऱ्यात व्हिलन कोण तर पळणारा, तिसऱ्यात कोण तर अजून एक पळणारा. हिरो बॅरी दरवेळी भूतकाळात जाऊन काहीतरी बदलतो अन् घोळ घालतो, अन् चार जण त्याला कॉरिडॉरमध्ये धीर देतात. जी पहिल्याच वर्षी टॉपला जाते तिला खाली यायलाच जागा उरते. शील्डवाल्यांना खालून सुरुवात करायचा फायदा झाला असं माझं मत. शिवाय पिक्चरवाल्यांनी नंतर यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही, म्हणून मनासारखं लिहिता आलं.

भुसावळ_औटर
हे मात्र शंभर टक्के. पिक्चरची शेपूट सोडली तेव्हाच बरी झाली.

कूलरसमोर_जळगाव
ठीक आहे, वार्डचं कळल्यावर आता उलट बघायची इच्छा झालीये, तो कुठे कुठे खोटं बोलतोय ते शोधत बसतो. मधले कुठले सोडले तर चालतील?

भुसावळ_औटर
नववा-दहावा मोबाईल बघत बघत चालेल. तेरावा सोडायचा नाही, इटलीतल्या ट्रेनचा आहे, तोच प्रसंग एकेकाच्या बाजूने दाखवलाय. आणि खापरवाल्याला ब्लॉक कर.