प्लग काढला म्हणजे अ‍ॅम्प मेला, हे कोणी सांगितलं तुम्हाला?

गंगापूररोडकर:
काल आपल्या नाशिकच्या गिटारवाल्यांच्या ग्रुपवर कोणीतरी "व्हॉल्व अ‍ॅम्प सांभाळून कसा वापरायचा" अशी पोस्ट टाकली आणि लोक धडाधड फॉरवर्ड करत सुटलेत. व्हॉल्व अ‍ॅम्प म्हणजे काचेच्या नळ्यांवर (व्हॉल्ववर) चालणारा गिटारचा अ‍ॅम्प. त्या पोस्टमधले नियम असे: स्टँडबायवर (व्हॉल्व तापतात, पण हाय व्होल्टेज बंद) दोन मिनिटं न ठेवता चालू केला तर व्हॉल्व जातात. स्पीकरमधून हम (सततची घूं) आला तर प्लगची वरची जाड पिन (अर्थची) काढून टाका. आवाज शून्यावर असेल तर स्पीकर जोडला नाही तरी चालतं. आणि प्लग काढला की आत बिनधास्त हात घाला. पहिला नियम थोतांड आहे, त्याने कोणी मरत नाही. बाकीचे तीन मात्र अ‍ॅम्पला नाहीतर माणसाला संपवणारे आहेत, आणि त्यांच्याबद्दल चकार शब्द नाही कोणाचा.
आतल्या फिल्टर कपॅसिटरवर (चार्ज साठवणारा भाग) ४००-४५० व्होल्ट डीसी असतात. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ४५० व्होल्टला भरला की त्यात साधारण १० ज्यूल बसतात, प्लग भिंतीत आहे का तुमच्या हातात आहे याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. ब्लीडर रेझिस्टर (तो चार्ज हळूहळू उतरवणारा) असेल आणि शाबूत असेल तर दोनेक मिनिटांत उतरतं, नसेल तर कितीतरी वेळ तसंच बसून राहतं. आणि गंमत बघा, "आधी स्टँडबाय, मग पॉवर बंद" ही जी पूजा सगळे करतात ना, बऱ्याच अ‍ॅम्पमधे स्टँडबायचा स्विच पहिल्या कपॅसिटरच्या पुढे असतो, म्हणजे तुम्ही व्हॉल्वना तोडलंत आणि चार्ज आत कोंडून ठेवलात. त्यापेक्षा वाजवायच्या स्थितीतच मेन बंद करा, गरम व्हॉल्व बराचसा चार्ज पिऊन टाकतात. तरी उघडल्यावर मीटर लावून बघायचंच.

सिडको_सहातारा:
ती पोस्ट मी टाकली होती. "कोणीतरी" काय, नाव घ्यायला लाज वाटते का? नवीन पोरांसाठी साधे नियम लिहिले तर लगेच ज्यूल आणि मायक्रोफॅरड काढून बसलात. स्टँडबायचं म्हणाल तर थंड व्हॉल्ववर एकदम हाय व्होल्टेज गेलं की आतल्या इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या कॅथोडचा थर उडतो, हे सगळ्या जगाला माहितीये. आमच्या सरांनी शिकवलंय, आणि त्यांचा अ‍ॅम्प अजून पहिल्या व्हॉल्ववर चालतोय.

जुना_रेडिओ:
सिडको, बाळा, तुझ्या आजोबांच्या घरी मर्फी किंवा फिलिप्सचा रेडिओ होता का रे? त्याला स्टँडबाय कुठे होता? खट्कन बटण फिरवायचं, डोळा हिरवा व्हायचा, बातम्या सुरू. वर्षानुवर्षं त्याच व्हॉल्ववर. थर उडतो तो ट्रान्समीटरच्या मोठ्या व्हॉल्वचा, तिथे हजारो व्होल्ट असतात. उलट नुसता हीटर चालू ठेवून तासन्‌तास स्टँडबायवर ठेवलास तर कॅथोडचं नुकसान व्हायची शक्यता जास्त.
आणि हल्लीची पोरं बाहेरून महागडे व्हॉल्व मागवतात, इथे कोणाच्या माळ्यावर बीईएलचे (भारत इलेक्ट्रॉनिक्सचे) कोरे खोके पडलेत ते नकोत. रविवार कारंजावर एकेकाळी टोपलीत मिळायचे. असो.

सिडको_सहातारा:
काका, रेडिओत रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा) सुद्धा व्हॉल्वच असायचा, तो हळूहळू तापायचा. डायोडवाल्या अ‍ॅम्पमधे पहिल्याच सेकंदाला पूर्ण व्होल्टेज, व्हॉल्व अजून थंड, करंट कोणी ओढत नाही, मग व्होल्टेज नेहमीपेक्षा वर चढतं. कपॅसिटरवर ताण येतो का नाही सांगा?

जुना_रेडिओ:
येतो. त्यासाठी कपॅसिटर जास्त व्होल्टेजचा घालायचा असतो, स्विचची पूजा नाही मांडायची. पण मुद्दा बरोबर आहे तुझा, लिहून ठेव, मी रोज मान्य करत नाही.

पंचवटी_ब्लूज:
स्पीकरशिवाय मी दोन वेळा चालवलाय, काही झालं नाही. उगाच घाबरवू नका लोकांना.

गंगापूररोडकर:
सिग्नल नव्हता म्हणून वाचला. कोणी चुकून तार छेडली की आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधली ऊर्जा जायला जागा शोधते, व्होल्टेज उसळतं आणि व्हॉल्वच्या सॉकेटमधे नाहीतर वाइंडिंगमधे ठिणगी पडते. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पचं बरोब्बर उलटं, त्याला मोकळं चालतं पण शॉर्ट चालत नाही, आणि लोक तोच नियम इकडे लावतात. काही फेंडरमधे जॅक रिकामा असला की तो आपोआप शॉर्ट होतो, तसला असेल तुझा. नशीब समज. आणि स्पीकरला गिटारची केबल लावत असशील तर तीही काढ.

पंचवटी_ब्लूज:
केबल काढतो, साहेब. पण जाड पिनेचं ऐका. आम्ही जुन्या वाड्यात राहतो, अर्थिंग म्हणजे काय ते भिंतीला माहीत नाही. पिन ठेवली काय आणि काढली काय, हम तेवढाच. मग उगाच कशाला नाटक?

नाशिकरोड_बेस:
वाड्याचं सोडा, नव्या टॉवरमधे तरी कुठे आहे! आमच्या बिल्डरने सॉकेटला तिसरं भोक दिलं, मागे वायरच नाही. वायरमन म्हणाला "भाऊ, टेस्टर पेटतोय ना, मग झालं". कोजागरीला गच्चीवर कार्यक्रम होता, पायात ओल्या चपला, मी बेस हातात धरून माइकला ओठ लावला आणि असा झटका बसला की मसाला दूध पुढच्या रांगेत. सगळे हसले. मी नाही हसलो.

गंगापूररोडकर:
हसण्यासारखं काहीच नाही त्यात. तारा, ब्रिज, केबलची जाळी, अ‍ॅम्पची चासी (पत्र्याचा सांगाडा), सगळं एकमेकांना जोडलेलं. चासी लाइव्ह झाली की तारा लाइव्ह. माइक मिक्सरमार्गे अर्थवर असेल तर मधे तुम्ही, आणि माइक लाइव्ह असेल तरी तेच, फक्त दिशा उलटी. स्टोन द क्रोज बँडचा गिटारिस्ट लेस हार्वी १९७२ मधे स्वान्सीला भर स्टेजवर माइकला हात लावताना गेला. यार्डबर्ड्स बँडचा गायक कीथ रेल्फ १९७६ मधे घरी गिटार वाजवताना, अर्थिंग धड नव्हतं म्हणून. हम घालवायचा तर ऑडिओच्या लाइनमधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला, डीआय बॉक्सवर (गिटार मिक्सरला जोडायची डबी) ग्राउंड लिफ्टचा स्विच असतो. मेनची पिन हा उपाय नाहीच.

इंदिरानगर_फझ:
एवढा कीस काढायची गरजच नाही. ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळाला की मेन तोडणारा स्विच) बसवा, विषय संपला. आणि नाहीतर मॉडेलर (अ‍ॅम्पचा आवाज डिजिटल काढणारी डबी) घ्या, २०-२० किलोची पेटी तिसऱ्या मजल्यावर चढवून तुमचं काय भलं होतं कळत नाही.

जुना_रेडिओ:
आला मॉडेलरवाला. प्रत्येक धाग्यात येतो.

गंगापूररोडकर:
आरसीसीबी हवाच, पण विषय संपत नाही. तो फेज-न्यूट्रलमधल्या करंटचा फरक बघतो. आतली हाय टेन्शन (ते ४००-४५० व्होल्ट) ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे असते, तिथे तुम्ही चिकटलात तर आरसीसीबीला पत्ताही लागणार नाही. तो शांत, तुम्हीही शांत.

इंदिरानगर_फझ:
बरं बाबा, आतलं तुमचं. बाहेरचं माझं. खुश?

नाशिकरोड_बेस:
मग मी खाली स्वतःचा अर्थिंगचा खड्डा मारून घेऊ का? मीठ-कोळसा घालून? सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात केमिकल अर्थिंगच करा, कोटेशन ऐकून शॉक तिथेच बसला.

जुना_रेडिओ:
मीठ-कोळसा चालतो, पण उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी ओतावं लागतं. मे महिन्यात माती वाळली की अर्थिंग नावापुरतं. आणि गंगापूर रोडकडे दोन-चार फुटांवर कातळ लागतो काही ठिकाणी, तिथे पहार मारताना घाम निघतो. फ्लॅटवाल्यांनो, हे कळायचं नाही तुम्हाला.

पंचवटी_ब्लूज:
म्हणजे गोदावरीकाठी आमची माती ओली, आम्ही सुखी? चला, वाड्याचा पहिल्यांदा फायदा झाला.

इंदिरानगर_फझ:
नुसत्या खड्ड्याने नाही होत, दादा. समजा तुमचा अर्थ २० ओहमचा आहे. फेज चासीला लागला तर २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. १६ अँपचा एमसीबी (जास्त करंट झाला की पडणारा स्विच) ढिम्म हलणार नाही आणि चासी लाइव्हच राहणार. तिथे आरसीसीबीच लागतो. आता कोण शांत बसलंय?

गंगापूररोडकर:
हे मात्र चोख सांगितलंस. दोन्ही हवं, खड्डाही आणि आरसीसीबीही. मॉडेलरवाल्याकडून शिकायची वेळ आली, काय दिवस आलेत.

सिडको_सहातारा:
पोस्ट बदलली. पिनेचा, स्पीकरचा आणि हात घालायचा, तिन्ही नियम काढले. स्टँडबायचा ठेवलाय, सरांना वाईट वाटेल.

नाशिकरोड_बेस:
अमेरिकन अ‍ॅम्पसाठी स्टेपडाऊन (२३० चे १२० करणारा ट्रान्सफॉर्मर) लावतो मी, बाहेर दोनच पिनांचं सॉकेट आहे. त्याचं काय?

जुना_रेडिओ:
त्यात अर्थ पुढे जातच नाही. शिवाय स्वस्तातले बरेचसे ऑटो ट्रान्सफॉर्मर (एकाच वाइंडिंगचे) असतात, आयसोलेशन शून्य, आतली वायर तुटली तर १२० च्या जागी सरळ २३० पोचतात. तीन पिनांचा, वेगळ्या वाइंडिंगचा करून घे. आणि पहिल्यांदा चालू करताना सिरीजला १०० वॅटचा बल्ब लाव, साधा पिवळा, एलईडी नाही. भकभक पेटून राहिला तर बंद कर आणि फोटो टाक इथे.

नाशिकरोड_बेस:
पिवळा बल्ब कुठे मिळतो आता?

जुना_रेडिओ:
मेन रोडला इलेक्ट्रिकच्या दुकानात विचार, माळ्यावर असतात त्यांच्याकडे. दोन घे, एक मला.