ड्युअल मास फ्लायव्हील वाजून राहिलं, नुसती क्लचप्लेट टाकू का?

भाऊ, डिझेल ट्रक आहे, १ लाख ६० हजार किमी झाले. बुटीबोरीहून वाडीला माल नेतो. न्यूट्रलमध्ये खडखड, अन् इंजिन बंद करताना तर डब्यात नट-बोल्ट हलवल्यासारखं. मिस्त्री म्हणतो, प्लेट नवी टाक, फ्लायव्हील लेथवर घासून देतो. ऐकू का?

उत्तर १: अजिबात नको बाप्पा! ड्युअल मास फ्लायव्हील म्हणजे इंजिन अन् क्लचच्या मधातलं जड चाक; त्यात दोन चकत्या असतात, मधात कमानीसारख्या स्प्रिंगा अन् ग्रीस. स्प्रिंगा ढिल्या झाल्या तर लेथ काय करणार? फ्लायव्हील नवंच टाका. गिअरबॉक्स उतरतोच आहे, तर क्लचची प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंगही बदला. फ्लायव्हीलचे बोल्ट नवेच लावा, टॉर्क पान्यानं. क्रँकचं मागचं ऑइल सील गळते का तेही बघा. मी नव्हतं पाहिलं. पंधरा दिवसांत नव्या प्लेटवर तेल, पुन्हा गिअरबॉक्स खाली, तेही नागपूरच्या मे महिन्यात!

उत्तर २: सिंगल मास किट, म्हणजे स्प्रिंगांशिवायचं एकसंध फ्लायव्हील, स्वस्त पडते की.

उत्तर १: पडते. पण हादरे थेट गिअरबॉक्समध्ये जातात. मी नाही टाकणार.

प्रश्नकर्ता: बरं. सीलचं मिस्त्रीनं सांगितलंच नव्हतं. सोमवारी गाडी उभी करतो.