'मतदार व्हा' असं मराठीत म्हणता येईल का?

जाईजुई:
आमच्या वस्तीसाठी मतदानजागृतीचं एक इंग्रजी पत्रक मराठीत करतेय. 'मत द्या' म्हणण्याऐवजी 'व्होटर व्हा' म्हणा, असा त्यात आग्रह आहे. आधार २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासाचा: प्रश्नावलीत क्रियापदाऐवजी नाम वापरलं, तर जास्त लोक मत द्यायला गेले. मी 'मतदार व्हा' लिहिलं. बाबा म्हणाले, "मी आहेच की, यादीत नाव आहे माझं." काय लिहू?

दगडफूल:
बाबांचं बरोबर आहे. आपल्याकडे यादीत नाव लागलं की माणूस मतदार झाला, मग तो जन्मात केंद्राकडे न का फिरकेना. 'मतदार व्हा' वाचून लोक सहा नंबरचा फॉर्म शोधतील. खातेदार, जमीनदार यांतला 'दार' फारसी आहे, म्हणजे बाळगणारा. मतदार मत बाळगतो. द्यायचं की नाही हा पुढचा प्रश्न.

शुद्धमती:
मग 'मतदाता' लिहा. संस्कृत 'मत'ला फारसी शेपूट हवं कशाला? शिवाय देणारा हा अर्थ आपोआप येतो.

कोकणकडा:
मतदाता हिंदी वाटतं हो, आमच्याकडे कोणी म्हणत नाही. आजी 'शिक्का मारून आले' म्हणायची. आई यंत्र आल्यावरही 'मत टाकून आले'च म्हणते. आणि 'दान' मला मुळीच पटत नाही. हक्काच्या गोष्टीला दान का म्हणायचं?

शुद्धमती:
दान म्हणजे देणं, एवढंच. सोंगट्यांच्या खेळात दान पडतं, त्यात कुठे धर्मादाय असतो?

दगडफूल:
'हक्क बजावला' त्याहून खटकतं. कर्तव्य बजावतात, समन्स बजावतात. हक्क वापरतात.

कोकणकडा:
सगळी वर्तमानपत्रं लिहितात, सगळ्यांना कळतं. मग चूक कुठे?

माचीवरून:
जाईजुई, नामाच्या मागे फार लागू नका. २०१६ साली दुसऱ्या संशोधकांनी तोच प्रयोग बऱ्याच मोठ्या प्रमाणावर केला, त्यात फरक दिसला नाही. (मूळ अभ्यासकांना ते मान्य नाही, त्यांच्या मते निवडणूकच चुरशीची नव्हती.) मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियातल्या प्रयोगांत 'यंदा भरपूर मतदान होणार' असं ऐकलेल्यांची मत देण्याची इच्छा 'कमी होणार' ऐकलेल्यांपेक्षा जास्त दिसली. आपल्या वाहिन्या दुपारपासून 'मुंबईकरांची पाठ', 'टक्का घसरला' सुरू करतात. घरी बसलेल्याला त्यातून एवढंच कळतं की सगळेच घरी आहेत. २०२४च्या विधानसभेला राज्यात सुमारे ६६ टक्के मतदान झालं. 'तीन मतदारांपैकी दोघांनी मत दिलं, तुम्हीही या' असं लिहा. खरंही आहे आणि कोणाला दटावतही नाही.

दगडफूल:
पण मुंबईत तेवढं झालं नव्हतं. तिथल्या पत्रकात राज्याचा आकडा घालणं मला प्रामाणिक वाटत नाही.

माचीवरून:
'महाराष्ट्रात' असं स्पष्ट लिहिलं तर अप्रामाणिक कसं?

मांडवीकाठ:
आमच्या गोव्यात १६ जानेवारी १९६७ला 'जनमत कौल' झाला. महाराष्ट्रात विलीनीकरणाला फूल, वेगळं राहायला दोन पानं, अशी चिन्हं होती. ऐंशी टक्क्यांहून जास्त लोक गेले आणि दोन पानं ३४,०२१ मतांनी जिंकली. 'कौल' शब्दात वजन आहे. आम्ही देवाला कौल लावतो, तोच हा. 'कौल द्यायला या' असं लिहून बघा.

शुद्धमती:
कौल अरबी आहे. शब्द, वचन. कौलनामा त्यातलाच. देवाशी संबंध नंतरचा.

जाईजुई:
गुरुवारी छपाईला द्यायचंय. 'मत देणारे व्हा' कसं वाटतं?

मांडवीकाठ:
शुद्धमती, नंतरचा कशावरून? पाकळी उजवीकडून पडली की देवाने वचन दिलं, असंच आमच्याकडे मानतात. अर्थ तोच राहिला ना?

कोकणकडा:
आणि छपरावरचं कौल?

शुद्धमती:
त्याचा याच्याशी काही संबंध नाही. लिंगही वेगळं: तो कौल, ते कौल.