ऐतिहासिक सिनेमातलं पहिलं काम : नागपूरच्या नाटकवाल्यांनो, लिहा!

नाटकवाल्याला सिनेमात पहिलं काम बहुधा ऐतिहासिक पटातच मिळतं. माणसं ढिगानं लागतात, आणि अंगरखा घालून तासभर ताठ उभं राहायची सवय आपल्याला असते. नागपूरकरांनी आपापले किस्से इथे टाका. प्रेक्षकांनीही. सुरुवात मीच करतो.

सायंटिफिक सभागृहात शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही ऐकू जावं, म्हणून राज्य नाट्य स्पर्धेत 20 वर्षं आवाज लावला. मग एका सिनेमात जासूद झालो. वाक्य एकच : ‘सरकार, फौज नर्मदा उतरली.’ पहिल्या टेकला बेंबीपासून असा आवाज काढला की साउंडवाल्यानं हेडफोन काढून मांडीवर ठेवला. दिग्दर्शक उठून आले. अंगरख्याच्या बंदाखाली चिकटपट्टीनं लावलेल्या माईकवर बोट टेकवून म्हणाले, ‘प्रेक्षक इथे बसलाय.’ माझ्या हनुवटीपासून वीतभर खाली! सात टेक गेले तेव्हा कुठे आवाज खाली आला. सिनेमा लागला तेव्हा पाहिलं, तर पडद्यावर माझी पाठ आणि डबिंग भलत्याचंच.

मानेवाडा (मूळ वडसा)
आमच्या झाडीपट्टीत, म्हंजे पूर्व विदर्भात, रातच्याला सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालते, अन् विंगेत प्रॉम्प्टर असतोच. सेटवर वाक्य अडलं, तर सवयीनं मान डावीकडे गेली. तिथं चहाची किटली घेऊन पोट्टा उभा. म्हणे, ‘काय पायजे भाऊ?’ सारं युनिट हासलं. तो टेक ठेवाले पायजे होता, बाप्पा.

धंतोली
मी नट नाही, पण आजीची गोष्ट सांगते. आजी वर्ध्याची, लहानपणी सेवाग्रामला कस्तुरबांना पाहिलेली. 1982 चा ‘गांधी’ पाहायला तिला घेऊन गेलो. कस्तुरबा झालेल्या रोहिणी हट्टंगडी दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात (एनएसडीत) शिकलेल्या, रंगभूमीवरच्या. तोवर त्यांचे सिनेमे मोजकेच झाले होते. (याच भूमिकेला पुढे बाफ्टा हा ब्रिटिश सिनेपुरस्कार मिळाला.) गोखल्यांच्या भूमिकेत डॉ. लागू दिसले तेव्हा आम्ही पोरं एकमेकांना कोपरानं ढोसत होतो, ‘अरे, आपले लागू!’ आजीचं तिकडे लक्षच नव्हतं. संडास साफ करण्यावरून बा आणि बापूंचं वाजतं, तो प्रसंग आला आणि तिच्या हातातली शेंगदाण्याची पुडी तशीच राहिली. घरी येताना एवढंच बोलली, ‘पदर तसाच घेते ती बाई.’ नाटकातली होती की सिनेमातली, हे तिनं विचारलंही नाही.

महाल
नाटकवाले स्वस्तात मिळतात म्हणून घेतात, बाकी काही नाही. माझे पाच दिवसांचे पैसे अजून यायचे आहेत.

इतवारी
मी मेकअपवाला. रामटेकला शूटिंग, मे महिना, पारा 45 वर. आपल्याच एका नाटकवाल्या पोराला सरदार केलं होतं. घामापुढे डिंक किती टिकणार? क्लोजअपच्या वेळी डावीकडची मिशी सुटायला लागली. पोरानं वरचा ओठ दाबून धरला, गाल हलू दिला नाही, डोळ्यांनीच सगळं बोलला. कट झाल्यावर दिग्दर्शक म्हणे, ‘नाटकातला असून किती संयत करतो!’ मी डिंकाची बाटली पाठीमागे धरून उभा.